लायनफिश विकताय ना? मग परतही घ्या

खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे विकणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

लायनफिश पिशवीत बांधून देताना तुम्ही काय सांगता ते मला तोंडपाठ आहे, कारण मलाही तेच सांगितलं गेलं होतं. 'काट्यांना हात लावू नका. खाण्याचे नखरे नाहीत. सहजासहजी मरत नाही.' तीन वाक्यं, तिन्ही खरी. तेव्हा तुम्ही खोटं बोलता अशी माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती न बोललेल्या चौथ्या वाक्याची. 'नको झाला तर आमच्याकडे परत आणा', हे वाक्य मला कुणी म्हटलं नाही. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हा मासा पाळला, त्यांनाही कुणी म्हटलं नाही. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले आहे.

माझा लायनफिश आला तेव्हा जेमतेम बोटभर होता. अंगावर लाल-तपकिरी आणि पांढरे पट्टे, डोळ्यांवर शिंगांसारखे दोन कोंब, आणि कल्ल्यांमागचे दोन्ही पर तर असे, की कुणी दोन बाजूंना दोन विंझणे उघडून धरावेत. पहिले दोन दिवस तो दगडामागे उलटा लटकून होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आला आणि त्यानंतर आमच्या घरातला सगळ्यात भोचक प्राणी झाला. मी टाकीसमोर आले की काचेशी यायचा. खाणं द्यायला उशीर झाला की वर येऊन पाण्याची पिचकारी उडवायचा. एकदा सकाळी त्याच्या अंगावर पांढुरका पापुद्रा सुटलेला दिसला. काहीतरी रोग लागला म्हणून मी हवालदिल झाले. नंतर कळलं, की विंचूमाशांच्या या कुळात अंगावरचा पातळ थर असा अधूनमधून टाकून द्यायची रीतच आहे. हेही तुम्हाला सांगता आलं असतं म्हणा.

ती पिचकारी म्हणजे निव्वळ लाड नव्हेत, हे मला फार उशिरा समजलं. समुद्रात लायनफिश सांजसकाळी शिकारीला निघतो. पाठलाग करत नाही. पर पसरून, त्यांची भिंत करून छोट्या माशाला खडकाच्या कोपऱ्यात रेटत नेतो आणि मग त्याच्यावर तोंडाने पाण्याचा झोत सोडतो. प्रवाह आला की मासे त्याच्याकडे तोंड करतात. तसं हा छोटा मासाही तोंड फिरवतो, आणि ते तोंड नेमकं लायनफिशच्या जबड्यासमोर येतं. पुढचं इतक्या झटक्यात होतं, की मासा होता आणि आता नाही एवढंच आपल्याला दिसतं. माझ्या टाकीतले दोन छोटे डॅमसेल मासे आणि क्लीनर श्रिंप नावाची एक कोळंबी असेच 'आता नाही' झाले. स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासाही हा गिळू शकतो. खाल्ल्यावर त्याचं पोट तीसपट फुगू शकतं. 'लहान माशांबरोबर ठेवला तर चालेल का?' असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा तुम्ही जे 'तसं काही नाही' म्हणता, ते कृपा करून थांबवा.

वाढीबद्दलही तसंच. बोटभर मासा दीड वर्षात माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत आला. लाल लायनफिश, शास्त्रीय नाव टेरॉइस व्होलिटान्स, पस्तीस सेंटीमीटरच्याही पुढे जातो. त्याला निदान साडेचारशे लिटरची टाकी लागते. मी दोनशेची घेऊन बसले होते, कारण 'एवढ्यात आरामात राहील' असं मला सांगितलं होतं. छोट्या टाकीसाठी छोटे लायनफिश असतात. डेंड्रोकायरस गटातले बुटके लायनफिश पंधरा-सतरा सेंटीमीटरवर थांबतात. दोघांची पिल्लं शेजारी ठेवून गिऱ्हाईकाला फरक दाखवायला दोन मिनिटं पुरतात.

खाण्याबद्दल एकच. जिवंत गोल्डफिश घालायचा सल्ला बंद करा. गोड्या पाण्यातल्या माशातली चरबी याला मानवत नाही. शिवाय गोल्डफिशमध्ये ब१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं विकर असतं. मासा महिनोन्महिने धष्टपुष्ट दिसतो आणि एक दिवस मरून पडतो. काडीला कोळंबीचा किंवा माकुलाचा तुकडा लावून हलवला, की थोड्या चिकाटीने बहुतेक लायनफिश ते खायला शिकतात. माझा अकरा दिवसांत शिकला.

आता काट्याकडे येते.

काचेवरचं शेवाळ खरवडत होते. नजर काचेवर होती, मासा मागे. तो माझ्यावर धावून आला नाही, हे आधीच सांगते. माझाच हात मागे गेला. लायनफिश घाबरला की पळत नाही, पाठ तुमच्याकडे करतो. उजव्या हाताच्या अनामिकेत काहीतरी शिरल्यासारखं वाटलं. पहिले दोन-तीन सेकंद सुई टोचल्याएवढंच. मग दुखणं जे चढत गेलं, ते मनगट, कोपर, काख असं करत वर आलं. मी काय केलं असेल? बर्फ लावला. चाळीस मिनिटं बर्फात बोट धरून मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून होते. शेवटी समुद्रात डुबकी मारणाऱ्या एका मैत्रिणीला फोन लागला आणि ती ओरडलीच, 'अगं, बर्फ काय लावतेस? गरम पाणी घे, गरम!'

हे तिने सांगितलं. विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

तुमच्यातल्याही अनेकांना यामागचं कारण माहीत नसावं, म्हणून लिहिते. लायनफिशच्या अंगावर अठरा विषारी काटे असतात. पाठीवर तेरा, पोटाखालच्या परांना एकेक असे दोन, आणि शेपटीआधी खालच्या बाजूला तीन. गंमत अशी, की ज्या झुपकेदार परांना बघून माणसं घाबरतात, त्यांत विष नसतंच. प्रत्येक विषारी काट्याच्या दोन्ही अंगांना खोबण असते, तिच्यात विष तयार करणाऱ्या पेशी भरलेल्या असतात, आणि या सगळ्यावर कातडीचं पातळ आवरण असतं. काटा आपल्या मांसात घुसला, की आवरण मागे सरकतं, पेशी चिरडतात आणि विष जखमेत उतरतं. साप विष टोचतो, तसं हा करत नाही. त्याच्याकडे विष दाबून सोडणारे स्नायूच नाहीत. दाब आपल्याच हाताचा असतो.

हे विष प्रथिनांचं बनलेलं आहे आणि उष्णतेने बिघडतं. म्हणून दंशाची जागा सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीस ते नव्वद मिनिटं बुडवून ठेवायची. पाण्याचा अंदाज मात्र धडधाकट हाताने घ्यायचा. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, आणि मग विषापेक्षा भाजल्याचंच दुखणं मोठं होऊन बसतं. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तो काढून घ्यावा लागतो. धनुर्वाताची लस बघावी लागते. धाप लागली, चक्कर आली, अंगावर गांध्या उठल्या, तर वेळ न घालवता दवाखाना. लायनफिशमुळे माणूस दगावणं अत्यंत दुर्मीळ. दुखणं मात्र अजिबात दुर्मीळ नाही. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या विषबाधा केंद्राचा पाच वर्षांचा अनुभव छापून आला. विंचूमाशांच्या दंशाच्या ५१ घटना होत्या, त्यातल्या ४५ लायनफिशच्या. गरम पाण्याने बहुतेकांना आराम पडला होता. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी छापलेली गोष्ट आजही पिशवीबरोबर दिली जात नाही.

जाता जाता एक भाषेचं. 'विषारी' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. खाल्ल्याने बाधतो तोही विषारी आणि टोचल्याने बाधतो तोही विषारी. लायनफिश दुसऱ्या प्रकारातला. त्याचं मांस बिनविषारी असतं, काटे काढून तो खातातही. पण पाटीवर 'विषारी' लिहिलं, की काही गिऱ्हाइकं दचकून मागे सरतात आणि काहींचे डोळे चमकतात. ही डोळे चमकणारी गिऱ्हाइकं तुम्हाला हवी असतात हे मला कळतं. त्यांच्यातल्याच काहींना उद्या स्टोनफिश हवा असतो. तो याच्याच नात्यातला, पण विषाने कितीतरी जहाल. त्याच्यावरचा प्रतिविषाचा डोस ऑस्ट्रेलियात १९५९ पासून बनतो, तो काही उगीच नाही. असला मासा हौस म्हणून घरात विकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लायनफिशबद्दल मी इतकं टोकाचं बोलणार नाही. तो पाळता येतो. पाळणाऱ्याला सगळं सांगितलं तर.

दंशानंतर मी तो परत द्यायला निघाले होते. भीतीपेक्षा टाकी पुरत नव्हती हे मोठं कारण. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी हसून सांगितलं, 'आम्ही मोठे मासे परत घेत नाही.' आणखी तिघांना विचारलं, उत्तर तेच. चौथा म्हणाला, 'ताई, समुद्रातलाच जीव आहे, समुद्रात सोडून द्या की.' त्याच्या आवाजात खरोखर दया होती. म्हणूनच मला त्याची जास्त धास्ती वाटली.

कारण असंच कुणीतरी, कधीतरी, दयेपोटी सोडलेल्या माशांनी अटलांटिकचा काय कारभार केला तो बघा. टेरॉइस व्होलिटान्स आणि त्याचा भाऊ टेरॉइस माइल्स हे हिंदी आणि प्रशांत महासागरांतले. अटलांटिकमध्ये त्यांचा मागमूस नव्हता. १९८५ मध्ये फ्लोरिडातल्या डेनिया बीचजवळ एक सापडला. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात एका घराची टाकी फुटली आणि सहा लायनफिश उपसागरात गेले, तिथून सगळं सुरू झालं, अशी कथा अजूनही चवीने सांगितली जाते. कथा सोयीची आहे, दोष वाऱ्यावर जातो. पण वादळाच्या सात वर्षं आधीच मासा समुद्रात होता. तिथल्या माशांच्या जनुकांत मूळ ठिकाणच्या मानाने वैविध्य फारच थोडं आढळतं. म्हणजे एवढा सगळा गोतावळा मोजक्या माशांपासून वाढला. कुणाच्या तरी टाकीत न मावणाऱ्या मोजक्या माशांपासून.

२००० च्या सुमारास ते नॉर्थ कॅरोलायनापासून बर्म्युडापर्यंत दिसू लागले. २००४ मध्ये बहामा. मग कॅरिबियन, मेक्सिकोचं आखात, आणि २०१४ मध्ये ब्राझील. मादी दर काही दिवसांनी अंड्यांचे जेलीसारखे गोळे सोडते, वर्षाला वीस लाखांच्या आसपास अंडी. त्यातून निघालेली पिल्लं तीन-चार आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाने काही पिल्लं पार न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडपर्यंत नेऊन पोचवली, हिवाळ्यात ती मेली. पाणी दहा अंशांपर्यंत उतरलं की लायनफिश तग धरत नाही. त्याला अडवायला उत्तरेला थंडी आहे. दक्षिणेला तशी थंडी फार लांबवर आहे.

आणि त्या झोतवाल्या शिकारीची अटलांटिकच्या छोट्या माशांना ओळखच नव्हती. पर पसरून हळूहळू जवळ येणारं हे काय आहे, हे त्यांच्या शेकडो पिढ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बहामामध्ये छोट्या खडकांवर केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका खडकावर एकेक लायनफिश ठेवला, आणि पाच आठवड्यांत तिथे नव्याने वस्तीला येणारे स्थानिक मासे सरासरी ७९ टक्क्यांनी घटले. एक मासा, पाच आठवडे. बहामातल्याच दुसऱ्या अभ्यासात, जिथे लायनफिश वाढले तिथे त्यांच्या भक्ष्य माशांचं एकूण वजन दोन वर्षांत ६५ टक्क्यांनी उतरलं.

आता तिथे भाले घेऊन लायनफिश मारायच्या स्पर्धा लागतात, त्याला खाण्याचा मासा म्हणून खपवायचे प्रयत्न होतात. उथळ खडकांवर त्याचा उपयोगही होतो. पण हौशी पाणबुडे चाळीस मीटरपर्यंत जातात आणि लायनफिश तीनशे मीटरवरही आढळले आहेत. वरचे मारले की खालून भरती होतेच. फ्लोरिडाने जिवंत लायनफिश बाहेरून आणायला बंदी घातली ती १ ऑगस्ट २०१४ पासून. पहिला मासा सापडल्यावर एकोणतीस वर्षांनी.

सगळ्या लायनफिशचं खापर टाक्यांवर फोडायचं नाही, हेही कबूल करते. भूमध्य समुद्रात १९९१ मध्ये इस्रायलच्या किनाऱ्याजवळ टेरॉइस माइल्स सापडला. मग वीसेक वर्षं सामसूम. २०१२ नंतर लेबनॉन, सायप्रस असं करत तो झपाट्याने पसरला. त्याची वाट सुएझ कालव्यातून आली असं मानलं जातं. लाल समुद्र त्याचं माहेर, कालवा दारात. तिथे तुमच्या धंद्याला बोल लावणं अन्यायाचं होईल. पण अटलांटिकला कुठलाही कालवा लाल समुद्राशी जोडत नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतील, जिथे लायनफिश मूळचाच आहे, त्या समुद्रात सोडला तर काय बिघडलं? मला हा प्रश्न चार-पाच वेळा तरी विचारला गेलाय. आधी हे सांगा, तुमच्या पिशवीवर मासा कुठला ते लिहिलेलं असतं का? 'लायनफिश' एवढंच असतं. हिंदी महासागरात, लाल समुद्रापासून सुमात्रापर्यंत, माइल्स राहतो. त्याच्या पूर्वेला, पार फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत, व्होलिटान्स. दोघांत फरक करायला जाणकारही काट्यांची मोजदाद करत बसतात. आणि तुमच्या टाक्यांमधून एकच पाणी फिरतं. त्यात चार समुद्रांतले मासे, त्यांच्या अंगावरचे परजीवी, त्यांचे रोग सगळे एकत्र नांदतात. लायनफिश आपल्या गावी परत जाईलही, पण बरोबर कुणाकुणाला घेऊन जाईल ते तुम्हीही सांगू शकणार नाही.

म्हणून मागणी एकच आहे. विकलेला लायनफिश परत घ्यायची हमी द्या. बिलावर छापा.

'जागा नाही' हे मला पटत नाही. एका मोठ्या टाकीत दोन-तीन लायनफिश आपसांत भांडल्याशिवाय राहतात, फक्त गिळता येतील असे शेजारी ठेवू नका. 'रोग येईल' ही शंका रास्त आहे. त्यासाठी वेगळी टाकी ठेवा, चार-सहा आठवडे मासा तिच्यात राहू द्या. नाहीतरी नव्या माशांसाठी ती ठेवायलाच हवी. 'पैसे कोण देणार?' आम्ही देऊ. परत घ्यायचं शुल्क लावा, विकतानाच कापून घ्या, मी तक्रार करणार नाही. काडीवर खायला शिकलेला मोठा लायनफिश घ्यायला मोठी टाकीवाले तयार असतात, सार्वजनिक मत्स्यालयंही कधीकधी घेतात. त्यांची तुमची ओळख असते. आमची नसते. आम्ही एकेकटे असतो, आणि हातात काटेरी मासा असतो.

आणि काहीच जमलं नाही तर? तर त्याला मारावं. हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला, आणि वाचताना काही जण चिडतील. पाण्यात लवंगेच्या तेलाचं प्रमाण पुरेसं ठेवलं की मासा आधी बधिर होतो आणि मग जातो, हे काम नीट कसं करायचं ते पशुवैद्य सांगू शकतो. मेलेल्या माशाचे काटेही टोचतात आणि त्यांतलं विषही काही काळ टिकतं, म्हणून तो टणक डब्यात बंद करूनच टाकायचा. समुद्रात सोडण्यात दयाळूपणा वाटतो, कारण पुढचं आपल्या डोळ्यांआड घडतं. मला या दोन्हींतून निवडायची वेळ आली तर मी लवंगेचं तेल निवडेन.

हमीबरोबर एक चिठ्ठी द्याल तर उत्तमच. मोठा झाल्यावर किती होतो, टाकी केवढी लागते, काटे कुठे असतात, टोचला तर पाणी किती गरम. पोस्टकार्डावर मावेल एवढं. आणि हो, हा मासा पिशवीत देऊ नका, झाकणाचा डबा द्या. काट्याने पिशवी फुटते. जाळ्याने पकडलात तर काटे जाळ्यात अडकतात, मग सोडवायला कुणीतरी बोटं घालतं. हे तुम्हाला मी सांगावं असं नाही, पण दर वेळी मी पिशवीच पाहते.

या हमीने तुमचा तोटाही होईल. परत घ्यावा लागणार म्हटल्यावर दोनशे लिटरच्या टाकीवाल्याला लायनफिश विकताना तुमचाच हात आखडेल. मला तेच हवं आहे. यातले जवळजवळ सगळे मासे समुद्रातून धरून आणलेले असतात, टाकीत पैदास करून विकलेले नव्हेत. एक कमी विकला तर एक तिथेच राहिला.

माझ्या लायनफिशचं काय झालं ते राहिलंच. कुणी घेतला नाही, तेव्हा मीच मोठी टाकी घेतली. तो घरी येऊन आता नऊ वर्षं झाली. अजूनही पिचकारी मारतो, माझ्या अनामिकेवर अजूनही छोटा पांढरा डाग आहे. हा मासा दहा-पंधरा वर्षं जगू शकतो असं म्हणतात. येत्या वर्षात मला घर बदलायचं आहे आणि नव्या घरात ही टाकी मावणार नाही. मापं घेऊन झाली आहेत.

डबा मी माझा आणीन. शुल्क सांगाल ते देईन. कधी आणू, एवढं कळवा.

आपली,
नऊ वर्षांपूर्वीची एक गिऱ्हाईक